जस्त ताटात असतं, पण अंगी लागत नाही: घरात काय बदलायचं आणि कसं

आमच्या तात्यांकडे झिंक सल्फेटची, म्हणजे जस्ताच्या खताची पिशवी आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेल्या डीएपी खताचं पोतं गोठ्याच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी असायचं, पण शेतात ती दोन्ही एकत्र कधी पडली नाहीत. एकदा गड्याने वेळ वाचवायला दोन्ही एकाच घमेल्यात कालवायला घेतलं, तेव्हा तात्या बांधावरून ओरडत आले होते. "स्फुरद झिंकला धरून बसतं रे, पिकाला मिळूच देत नाही!"

पुढे मी आहारशास्त्र शिकले. फायटेटचा धडा आला आणि मला तेच घमेलं आठवलं. धान्याच्या आणि कडधान्याच्या दाण्यात स्फुरद साठवलेलं असतं ते फायटेटच्या रूपात. आपण तो दाणा खाल्ला की आतड्यात हे फायटेट तेच करतं जे डीएपी मातीत करतं. जस्ताला धरून बसतं. ते सोडवणारं फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) आपल्या पोटात जवळजवळ नसतंच. त्यामुळे भाकरी, डाळ, उसळ असं भरलेलं ताट जेवून उठलेल्या माणसालाही जस्त कमी पडू शकतं.

म्हणून हा लेख कुठली गोळी घ्यावी यासाठी नाही. घरात जे जस्त आधीच येतं ते अंगी कसं लावायचं, आणि गोळी खरोखर लागते तेव्हा ती नीट कशी द्यायची, हे सांगण्यासाठी आहे.

आधी थोडं जस्ताबद्दल

मोठ्या माणसाच्या शरीरात जस्त सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम. त्यातलं बहुतेक स्नायूंत आणि हाडांत असतं. एवढ्याशा जस्तावर तीनशेहून जास्त विकरांचं काम चालतं. पेशी दुभंगताना ते लागतं, म्हणून जिथे पेशी भराभर नव्या होतात तिथे कमतरता आधी दिसते: वाढणारं मूल, आतड्याचं अस्तर, त्वचा, भरून येणारी जखम, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. चव कळायला, पुरुषबीज तयार व्हायला, स्वादुपिंडात इन्सुलिन साठवायलाही ते हवं असतं.

लोहाचा साठा यकृतात राहतो, ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 चा तर वर्षानुवर्षे पुरतो. जस्ताची अशी कोठी शरीरात नाही. ते रोजच्या जेवणातूनच यावं लागतं.

माणसाला जस्त कमी पडू शकतं हेच फार उशिरा कळलं. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद 1958 साली इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय 21, पण अंगलट आणि चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा, वयात आल्याची एकही खूण नाही. त्याचं जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी, मांस जवळजवळ नाही, आणि माती खायची सवय. असे आणखी रुग्ण निघाले. पुढे इजिप्तमध्ये अभ्यास करून 1963 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हा जस्ताचा तुटवडा आहे. जस्त दिल्यावर ही मुलं उंच झाली, वयात आली. त्या जेवणाकडे पुन्हा एकदा बघा. न आंबवलेली रोटी हाच आपलाही रोजचा आधार आहे.

आपल्याकडची स्थिती सांगायची तर 2016 ते 2018 मधल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात 1 ते 4 वर्षांच्या 19 टक्के आणि 10 ते 19 वर्षांच्या 32 टक्के मुलांमध्ये जस्त कमी आढळलं. ऐन वाढीच्या वयात, दर तिघांमागे एक.

पायरी 1: घरात कोणाकडे आधी बघायचं

सगळ्यांची गरज सारखी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 17 मिलिग्रॅम, स्त्रीला 13.2, गरोदरपणी 14.5 आणि अंगावर पाजताना सुमारे 14 मिलिग्रॅम जस्त हवं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तर वडिलांपेक्षाही किंचित जास्तच लागतं. आपल्या धान्याच्या जेवणातून थोडंच शोषलं जातं, हे धरूनच हे आकडे ठरवले आहेत. त्यामुळे परदेशी वेबसाइटवर पुरुषासाठी 11 मिलिग्रॅम वाचून समाधान मानू नका.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाकडे सगळ्यात आधी बघा. तोवर आईच्या दुधातलं जस्त पुरतं. पुढे दुधातलं प्रमाण घटतं आणि बाळाची गरज वाढते. नेमक्या याच काळात बाळाला नुसतं डाळीचं पाणी, भाताची पेज, बिस्किट दुधात कुस्करून, असं दिलं जातं. पोट भरतं, जस्त मिळत नाही. त्याखालोखाल वयात येणारी मुलं-मुली, गरोदर स्त्री, सारखे जुलाब होणारं मूल, जेवण कमी झालेले आजी-आजोबा, रोज दारू पिणारा माणूस.

विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सिकलसेलमध्ये लघवीवाटे जस्त जास्त जातं. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना जस्ताबद्दल मुद्दाम विचारा.

लक्षणांची पंचाईत अशी की त्यांतलं एकही लक्षण फक्त जस्ताचं नाही. उंची खुंटणं, भूक मंदावणं, चव न लागणं, जखम लवकर न भरणं, वारंवार जुलाब-सर्दी, केस गळणं, तोंडाभोवती आणि ढुंगणाभोवती न जाणारं पुरळ. यांतली दोन-तीन एकत्र दिसली तर डॉक्टरांकडे जा. नखांवरचे पांढरे ठिपके मात्र बहुतेक वेळा नखाला लागलेल्या बारीक माराचे असतात. ते बघून गोळ्या आणू नका.

रक्ताची तपासणी करून घेऊ का, असं बरेच जण विचारतात. रक्तातलं जस्त ताप किंवा संसर्ग असला की आपोआप उतरतं, जेवणानंतरही खाली येतं, सकाळ-संध्याकाळ बदलतं. एका माणसाचा एक आकडा बघून निर्णय घेता येत नाही. डॉक्टरांनी स्वतः सांगितली तरच करा.

पायरी 2: एका दिवसाचं ताट मोजा

एक दिवस वही घेऊन बसा. 100 ग्रॅम कच्च्या मालात साधारण किती मिलिग्रॅम जस्त असतं ते असं: बाजरी, नाचणी, गव्हाचं पीठ अडीच ते पावणेतीन, ज्वारी दोनच्या आसपास, पांढरा तांदूळ जेमतेम सव्वा. हरभरा सव्वातीनच्या वर, शेंगदाणे तीनच्या वर, काजू पाचच्या वर, तीळ आणि भोपळ्याच्या बिया सात-आठ. मटण चारच्या आसपास. अंड्यात साधारण अर्धा-पाऊण, आणि कपभर दुधातही तेवढंच.

एका शाकाहारी बाईचा दिवस मांडून बघू. बाजरीच्या दोन चांगल्या जाड भाकऱ्या, म्हणजे 120 ग्रॅम पीठ: 3.3. दोन पोळ्या: 1.7. हरभऱ्याची वाटीभर उसळ: 1.3. वरण: 1. थोडा भात: 0.6. तीळ-शेंगदाण्याची दोन चमचे चटणी: 1.1. दूध आणि दही मिळून: 0.9. भाज्या: 0.8. मूठभर काजू किंवा भोपळ्याच्या बिया: 1.1. बेरीज बाराच्या जवळ येते. म्हणजे ताट व्यवस्थित असेल तर गोळीशिवायही आपण 13.2 च्या बरंच जवळ पोहोचतो.

आता यातून एकेक काढत जा. उसळ रोज होत नाही. चटणी संपली ती पुन्हा कुटली नाही. काजू पाहुण्यांसाठी ठेवलेत. बाजरी गेली, तिच्या जागी भात आला. राहिलं पाच-सहा. बहुतेक घरांत हे असंच घडलेलं असतं, आणि बाई स्वतः सगळ्यात शेवटी जेवत असेल तर आणखी खाली.

मांसाहारी घरांना हे सोपं जातं, कारण मटणातलं जस्त चटकन शोषलं जातं आणि सोबतच्या भाकरीतलंही थोडं ओढून घेतं. कोंबडीत ते मटणापेक्षा बरंच कमी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांच्या हाताशी तर खजिना आहे. कालवांइतकं (ऑयस्टरइतकं) जस्त दुसऱ्या कुठल्याच खाण्यात नाही, आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडेही चांगले. खडकावरून कालवं फोडून आणणाऱ्या बायकांकडून ताजी मिळाली तर सोडू नका. फक्त पूर्ण शिजवून खा, आणि जिथे गटाराचं पाणी खाडीत येतं तिथली घेऊ नका.

पायरी 3: दाण्यातलं कुलूप उघडा

मला या लेखात सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते इथे आहे.

फायटेट फोडणारं विकर माणसाच्या पोटात नसलं तरी दाण्याच्या स्वतःच्या पोटात असतं. दाणा रुजताना त्याला साठवलेलं स्फुरद लागतं, म्हणून तो ओल लागली की फायटेज तयार करतो आणि फायटेट फोडायला घेतो. पीठ आंबवणारे जिवाणूही हेच करतात. फायटेजला थोडा आंबटपणा आणि ऊब आवडते. आपल्या आज्यांना फायटेज माहीत नव्हतं, पण भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं या तिन्ही रीती त्यांनी आपल्याला दिल्या.

मोडाचं कडधान्य. मटकी, मूग, हरभरा, चवळी, काहीही. सकाळी निवडून धुवा, कोमट पाण्यात आठ-दहा तास भिजू द्या. मटकीला पाणी तिच्या तिप्पट तरी हवं. संध्याकाळी ते पाणी फेकून द्या, कारण त्यात थोडं फायटेट उतरलेलं असतं. पुन्हा एक पाणी घालून धुवा, चाळणीत निथळा, आणि ओल्या सुती फडक्यात बांधून झाकून ठेवा. उन्हाळ्यात बारा-चौदा तासांत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो. गाठोडं उघडलं की मटकीची साल फाटून पांढरं शेपूट बाहेर आलेलं दिसतं, हाताला दाणे उबदार लागतात आणि वास कच्च्या शेंगेसारखा गोड येतो. तो वास आंबूस झाला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर टाकून द्या. मोड बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढा झाला की पुरे. लहान मुलांना, गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना मोड कच्चे देऊ नका, वाफवून किंवा उसळ करूनच द्या.

मोडाचं पीठ. बाजरी आणि नाचणी यांवर ही युक्ती फार चांगली चालते. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून एक-दीड दिवस ठेवा, मग सावलीत खडखडीत वाळवा, कढईत मंद भाजा आणि दळा. बाळाच्या लापशीला हे पीठ वापरलं तर आणखी एक फायदा होतो. मोडाच्या पिठाची लापशी पातळ राहते, त्यामुळे वाटीत जास्त पीठ घालता येतं आणि बाळाच्या इवल्या पोटात जास्त अन्न जातं. हे पीठ गाळू मात्र नका. वस्त्रगाळ करताना मागे राहणाऱ्या कोंड्यातच बरंचसं जस्त असतं.

आंबवलेलं. तिन्हींत सगळ्यात परिणामकारक रीत ही. दळलेल्या पिठात विकराला आणि जिवाणूंना दाण्याच्या आतपर्यंत पोहोचता येतं, म्हणून अख्खा दाणा भिजवण्यापेक्षा पीठ आंबवल्याने जास्त फरक पडतो. ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ ताकात कालवून रात्रभर उबेला ठेवा, सकाळी पाण्यात शिजवून मीठ, जिरं, लसूण घाला. झाली आंबील. कोकणातली आंबोळी, इडली, डोसा, नीट आंबवलेला ढोकळा, सगळं यात आलं.

मात्र सोडा किंवा फसफसणारं चूर्ण घालून पंधरा मिनिटांत केलेला ढोकळा आंबवलेला नसतो. तो फुगतो, जाळी पडते, पण फायटेट जागच्या जागी राहतं. उलट सोड्याने पीठ अल्कधर्मी होतं आणि विकराला हवा असलेला आंबटपणाच जातो. घाईच्या दिवशी करा, पण त्याला आंबवलेल्याच्या हिशेबात धरू नका.

कांदा-लसूण. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत धान्य-कडधान्यांबरोबर कांदा आणि लसूण शिजवून तपासलं, तेव्हा शोषणासाठी मोकळं होणारं जस्त आणि लोह दोन्ही वाढलेलं दिसलं. आमचूरसारख्या आंबट पदार्थांनीही मदत होते. हे प्रयोगशाळेतल्या नळीत केलेलं काम आहे, माणसांवर नाही, तरी भाकरीबरोबर लसणाची चटणी आणि हातावर फोडलेला कांदा खाणाऱ्याला यात गमवायचं काहीच नाही.

आता कोणी म्हणेल, मग मैदाच खावा, त्यात फायटेट नाही. खरं आहे, पण कोंड्याबरोबर जस्तही गेलेलं असतं. कुलूप काढायला जाऊन पेटीच फेकून दिल्यासारखं होईल. फायटेट शत्रू आहे असंही समजू नका, त्याचे स्वतःचे काही फायदे आहेत. ते थोडं कमी करायचं, एवढंच.

आठवड्याचा बेत मी असा सुचवते: तीन-चार दिवस मोडाची उसळ, दोन दिवस आंबवलेला नाश्ता, आणि तिळाची, कारळ्याची किंवा शेंगदाण्याची एक चटणी बरणीत कायम. यापलीकडे फारसं काही बदलावं लागत नाही. चहाची काळजी लोहाच्या बाबतीत जास्त करायची असते. जस्ताला त्याचा फटका कमी बसतो.

पायरी 4: मुलाला जुलाब लागले तर 14 दिवस

माझ्या वहिनीच्या फ्रिजवर एकदा झिंकच्या गोळ्यांची पट्टी दिसली. चौदातल्या तीन वापरलेल्या, अकरा शिल्लक. "तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली ना हो, मग कशाला द्यायच्या?" ती म्हणाली. तिची चूक नव्हती. ज्या दवाखान्यातून पट्टी मिळाली तिथे कोणी तिला कारणच सांगितलं नव्हतं. दीड महिन्याने बाळाला पुन्हा जुलाब लागले. गोळ्या पूर्ण झाल्या असत्या तर ते टळलेच असते असं मी म्हणणार नाही, पण टळण्याची शक्यता वाढली असती.

जुलाबात आतड्याचं अस्तर खरवडलं जातं आणि जस्तही वाहून जातं. ते अस्तर पुन्हा बांधायला जस्तच हवं. जुलाब बहुतेकदा पहिल्या काही दिवसांत थांबतात, उरलेले दिवस डागडुजीचे असतात. पूर्ण मात्रा घेतलेल्या मुलांना पुढचे दोन-तीन महिने जुलाबाचा त्रास कमी होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने 2004 मध्ये ओआरएसच्या जोडीला जस्त द्यायला सांगितलं, आणि आपल्या सरकारी आरोग्य सेवेत आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही मोफत मिळतं.

द्यायचं कसं? दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, म्हणजे 20 च्या गोळीचा अर्धा भाग. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज एक गोळी. दोन महिन्यांहून लहान बाळाला जुलाब लागले तर घरी काहीच करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

स्वच्छ चमच्यात गोळी ठेवा, वर आईचं दूध, उकळून गार केलेलं पाणी किंवा ओआरएस घाला. ती मिनिटभरात विरघळते. चमचा हलकेच हलवा, तळाशी भुकटी राहू देऊ नका, आणि चमच्यानेच पाजा. चव तुरट-धातूसारखी असते, बाळ तोंड वाकडं करेल. लगेच वर अंगावर घ्या. अर्ध्या तासाच्या आत उलटून टाकलं तर एकदा पुन्हा द्या. रोजच उलटी होत असेल तर गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना किंवा आशाताईला सांगा. भारतात आणि टांझानियात झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 20 ऐवजी 5 किंवा 10 मिलिग्रॅम दिल्यावरही परिणाम तसाच राहिला आणि उलट्या कमी झाल्या. त्यामुळे मात्रा कमी करण्याचा पर्याय डॉक्टरांकडे असतो.

जस्त हा ओआरएसचा पर्याय नाही. जीव वाचतो तो ओआरएसने. पाकिटावर जेवढ्या पाण्याचं माप लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट एकदम घाला, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून टाका. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा. शीमध्ये रक्त, मूल पाणी पीत नाही, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसते, मूल ग्लानीत आहे, लघवी झाली नाही, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

पहिल्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या 14 तारखांना पेन्सिलने गोल काढा आणि रोज गोळी दिली की फुली मारा. वहिनीने पुढच्या वेळी हेच केलं.

पायरी 5: मोठ्यांनी गोळी घ्यायची तर

कोविडच्या काळात घरोघरी जस्ताच्या गोळ्या आल्या आणि अनेकांनी त्या कितीतरी महिने सोडल्या नाहीत. जस्त जास्त झालं तर चांगलंच, असं नसतं. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून 40 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. 50 किंवा जास्त मिलिग्रॅम आठवडेच्या आठवडे घेतलं तर तांब्याचं शोषण रोखलं जातं. मग रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, पुढे हातापायांना मुंग्या आणि चालताना तोल जाणं सुरू होतं. आणि तो माणूस लोहाच्या गोळ्या खात बसतो, कारण खरं कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

पाकिटावर काय वाचायचं? झिंक सल्फेट किती लिहिलं आहे ते नाही, तर मूलद्रव्य जस्त किती, म्हणजे एलिमेंटल झिंक किती लिहिलं आहे ते. 220 मिलिग्रॅम झिंक सल्फेटच्या कॅप्सूलमध्ये सामान्यतः जस्त 50 च असतं. मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि वेगळी झिंकची गोळी एकाच वेळी चालू असेल तर तिन्हींची बेरीज करा.

रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, म्हणून हलकं काही खाऊन घ्या. लोहाच्या मोठ्या मात्रेच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन्हींत काही तास ठेवा. गरोदरपणी लोहाची गोळी बंद मात्र करू नका. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी प्रतिजैविकं चालू असतील तर ती आधी घ्या आणि जस्त निदान दोन तासांनी, नाहीतर औषधाचाच गुण येत नाही.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. शेतीसाठी आणलेलं झिंक सल्फेट कधीही पोटात घेऊ नका. "तेच तर आहे" म्हणणारे मी ऐकले आहेत. त्यात शिसं आणि कॅडमियमसारखे जड धातू असू शकतात. आणि लग्नात, जत्रेत लिंबाचं सरबत किंवा ताक जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत करून ठेवू नका. आंबटाने जस्त सुटतं आणि पिणाऱ्यांना तासा-दोन तासांत उलट्या लागतात. स्टीलचं पातेलं किंवा मडकं घ्या.

पायरी 6: शेत असेल तर दाण्यापासून सुरुवात करा

ज्यांच्या घरचं धान्य घरच्या शेतातलं आहे त्यांच्या हातात बाकीच्यांहून एक गोष्ट जास्त आहे. आपल्या चुनखडीच्या, काळ्या जमिनीत जस्त असलं तरी पिकाला मिळत नाही. भाताचा खैरा रोग हा रोग नसून जस्ताची कमतरता आहे, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात 1966 मध्ये उघड झालं. पीक उपाशी राहिलं तर दाणाही उपाशीच.

माती परीक्षणाच्या अहवालात जस्ताचा आकडा बघा. 0.6 पीपीएमच्या (किलोभर मातीत 0.6 मिलिग्रॅमच्या) खाली असेल तर कमतरता. सर्वसाधारण शिफारस एकरी 10 किलो झिंक सल्फेटची आहे. ते शेणखतात मिसळून द्या, डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये नाही. एकदा दिलं की दोन-तीन हंगाम पुरतं, दरवर्षी ओतायची गरज नसते. दाण्यातलं जस्त वाढवायचं असेल तर गव्हाला फुलोऱ्यानंतर, दाणा भरताना फवारणी जास्त कामाची: 100 लिटर पाण्यात अर्धा किलो झिंक सल्फेट आणि पाव किलो चुन्याची निवळी. चुना विसरलात तर पानं करपतात. ऊन उतरल्यावर फवारा.

बियाणं घेताना वाण विचारा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी 2018 मध्ये आली, तिच्यात किलोला सुमारे 32 मिलिग्रॅम जस्त आहे, साध्या ज्वारीच्या जवळजवळ दीडपट. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून आणलेली ‘धनशक्ती’ बाजरी लोहासाठी ओळखली जाते, पण तिच्यात जस्तही भरपूर आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस 4028’ हा बन्सी गहू किलोला 40 मिलिग्रॅमपर्यंत जातो आणि कमी पाण्यावर येतो. सगळं रान त्याखाली घालायची गरज नाही. घरच्या खाण्यापुरती चार-पाच गुंठे ज्वारी या वाणाची पेरा, तिची रास वेगळी ठेवा, आणि कणगीवर खडूने लिहून ठेवा, म्हणजे विक्रीच्या पोत्यात ती जाणार नाही.